मानकोलीच्या गाळांतील इतिहास

इतिहासाचीं साधनें म्हटलीं कीं ताम्रपट, शिलालेख आणि बखरी आठवतात. आज ज्या साधनाविषयीं बोलणार आहें तें वाचण्यास मोडी किंवा ब्राह्मी लिपि यावी लागत नाहीं. पाय मात्र चिखलांत घालावे लागतात. कल्याणच्या खालच्या अंगास, उल्हास खाडीच्या उजव्या तीरालगत, भिवंडी तालुक्यांत मानकोली हें गांव आहे. नाशिकच्या हमरस्त्यानें जाणाऱ्यास तेथें आज गोदामेंच गोदामें दिसतात. त्यांच्या भोंवतालची सखल भूमि वयानें फार लहान आहे.

कोंकणचा सांगाडा काळ्या पाषाणाचा, सुमारे साडेसहा कोटि वर्षांपूर्वींच्या लाव्हारसाचा. त्यावरील गाळ त्या मानानें कालचा. सुमारे २०,००० वर्षांपूर्वीं पृथ्वीवरील बर्फांत इतकें पाणी अडकून पडलें होतें कीं समुद्र आजच्यापेक्षां अदमासें १२० मीटर खालीं होता. नद्या त्या दूरच्या समुद्राकडे धांवत आणि वाटेंत खडक कोरीत. पुढें बर्फ वितळलें, समुद्र चढला, आणि सहा-सात हजार वर्षांपूर्वीं आजच्या पातळीच्या आसपास स्थिरावला. नदीची बुडालेली दरी तीच आपली खाडी. मुंबईस १८७८ च्या सुमारास प्रिन्स गोदी खणतांना चिखलाच्या थराखालीं तीनशेंहून अधिक झाडें सांपडलीं. त्यांत खैर पुष्कळ होते, आणि कित्येक जागच्या जागीं मुळांवर उभीं होतीं! जमीन खचली कीं समुद्र चढला, हा वाद निराळा. रान होतें तेथें चिखल झाला, एवढें निश्चित.

हा चिखल सांचतो कसा? पावसाळ्यांत उल्हास, भातसा, काळू या नद्या सह्याद्रीची माती घेऊन येतात. गोड्या पाण्यांत तिचे सूक्ष्म कण सुटे तरंगतात. खारें पाणी मिळतांच ते एकमेकांस चिकटून जड होतात. मग भरती संपून ओहोटी लागण्यापूर्वीं पाणी जो क्षणभर विसांवा घेतें, त्या विसांव्यांत ते तळाशीं बसतात. तिवरांचीं मुळें त्यांस धरून ठेवतात. थराची जाडी मात्र सर्वत्र सारखी नसते. वरून जमीन पाटासारखी दिसली तरी खालची जुनी दरी उंचसखल असते. म्हणून एखाद्या टेकाडाच्या पायथ्याशीं हात-दोन हातांवर खडक लागतो, आणि दरीच्या मध्याकडे कित्येक परस खणलें तरी लागत नाहीं.

गाळानें बंदरें बुडविलीं, असें आपण सहज म्हणतों. सोपाऱ्यापुरतें त्यांत तथ्य आहे. तेथें १८८२ सालीं पंडित भगवानलाल इंद्रजींनीं स्तूप उकरला, अशोकाच्या शिलालेखाचा तुकडाही मिळविला. परंतु त्या प्राचीन बंदराच्या खाड्या आज भरून गेल्या आहेत. कल्याणचा सगळा दोष मात्र गाळाच्या माथीं मारणें मला पटत नाहीं. पहिल्या शतकांतील ग्रीक ‘पेरिप्लस’ सांगतो कीं कल्याणास आलेलीं ग्रीक गलबतें पहाऱ्यांत भडोचला नेलीं जात. म्हणजे व्यापार अडविला तो राज्यकर्त्यांनीं! सहाव्या शतकांत कॉस्मस कल्याणास पुन्हां मोठी पेठ म्हणतो, आणि १६५७ सालीं कल्याण-भिवंडी हातीं येतांच शिवाजीमहाराजांनीं याच खाडीवर आरमाराचा पाया घातला. गाळ हळूहळू चढतो. राजाज्ञा एका दिवसांत सुटते.

या थरांतील शंखशिंपले आणि लांकडाचे तुकडे यांवरून त्यांचें वय आज प्रयोगशाळेंत काढतां येतें. तिवरांच्या व भाताच्या परागकणांवरून खाजण केव्हां होतें आणि बांध घालून शेत केव्हां झालें, हेंही उमगूं शकतें. पण खाडीची रेती वर्षानुवर्षें उपसली गेली, आणि खाचरांवर मुरुमाचे भराव पडले. भराव पडला कीं उधाणाचें पाणी पसरण्याची जागा गेली. २६ जुलै २००५ च्या महापुरानें त्या जागेची किंमत आपल्यास दाखविली. मोठी इमारत किंवा पूल बांधतांना स्थापत्यविशारद जमिनींत छिद्र पाडून, किती खोलीवर कोणती माती लागली, तें टिपून घेतात. पाया भरला कीं तीं टिपणें कपाटांत जातात आणि नमुन्यांचे गोळे बहुधा फेंकले जातात. मानकोलीच्या कोण्या गोदामवाल्यापाशीं असें टिपण असेल, तर तें रद्दींत न घालतां एखाद्या महाविद्यालयाच्या भूगर्भशास्त्राच्या शिक्षकाकडे पोंचवावें.