वारा, तार आणि तानपुरा

इओलियन हार्प हे वाद्य माणूस वाजवत नाही. लाकडी पेटीवर तारा ताणायच्या, पेटी खिडकीत किंवा उघड्यावर ठेवायची. वाजवतो तो वारा. अथानासिउस किर्शर या जेझुइट पंडितानं १६५० साली त्याचं वर्णन छापलं. तारा सगळ्या एकाच स्वरात, जाडी मात्र वेगवेगळी. असं का, याचा उलगडा १८७८ मध्ये स्ट्रौहाल या चेक शास्त्रज्ञाच्या प्रयोगांतून झाला : वाऱ्यानं तारेवर उमटणारा सूर वाऱ्याच्या वेगावर आणि तारेच्या जाडीवर ठरतो. तो तारेच्या अंगच्या एखाद्या स्वरांशाशी जुळला, की तार घुमते. झुळूक बदलली, की तीच तार दुसरा स्वरांश देते.

हे वाचताना मला तानपुरा आठवला. खर्जाच्या तारेतून आपसूक ऐकू येणाऱ्या गंधाराला आपल्याकडे ‘स्वयंभू’ म्हणतात. तारेच्या पोटात जे आहे ते बाहेर काढायचं, वर आपली धून लादायची नाही, हे दोन्ही वाद्यांचं काम. इथे वाऱ्याच्या जागी बोट आहे. तेही तालाला बांधलेलं नाही. घोडीवरच्या जवारीनं हे स्वरांश फुलतात. जो स्वरांश तार विशिष्ट जागी छेडल्यावर उमटूच नये, तोही तानपुऱ्यात उमटतो, हे चंद्रशेखर वेंकट रामन यांनी १९२१ मध्ये नोंदवलं.

कान त्याआधीच तयार होते. अब्दुल करीम खाँसाहेबांनी १९१३ मध्ये पुण्यात आर्य संगीत विद्यालय काढलं. त्यांच्या किराणा घराण्याची भिस्त सुरावर आणि सूर लावण्यावर. याच घराण्याच्या पंडित प्राणनाथांकडे १९७० मध्ये ला माँटे यंग हा अमेरिकन संगीतकार शिकायला आला. आयडाहोतल्या लाकडी घरात लहानपणी ऐकलेला वारा तो आपल्या संगीताचं मूळ मानत असे. वाऱ्यावर तयार झालेला कान तानपुऱ्यापाशी पोचला, यात मला योगायोग दिसत नाही.

आज पुण्यातल्या अनेक घरांत रियाजाला इलेक्ट्रॉनिक तानपुरा लागतो. तो सोयीचा आहे, परवडतोही. पण त्याचं आवर्तन बिनचूक तेच ते असतं. वारा तसा वाजवत नाही, बोटही नाही. मिरजेच्या तानपुऱ्याला २०२४ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं, याचा आनंद आहे. त्यानं कारागिरीला मान मिळाला. जवारी ओळखणारा कान मात्र नव्या गाणाऱ्याला खरा तानपुरा मांडीवर घेऊनच कमवावा लागेल.