मधली पायरी : जपानी परीक्षेचा थोडा इतिहास

आपल्या मुळशी तालुक्यात हिंजवडीचं आयटी पार्क आहे. तिथे जपानी ग्राहकांची कामं येतात, त्यामुळे जपानी शिकणारे पुष्कळ. पण त्यातले बरेच जण प्राथमिक टप्पा संपला की अडकतात. असं का होतं?

सुरुवात आपल्याला सोपी जाते. क्रियापद शेवटी, मराठीसारखंच. 'पुण्याला' म्हणजे 'पुने नि', 'पुण्याहून' म्हणजे 'पुने कारा'. अक्षरांचा क्रमही ओळखीचा : आ, इ, उ, ए, ओ, मग का, सा, ता, ना, हा, मा, या, रा, वा. हा योगायोग नाही बरं का! कूकाई नावाचा भिक्खू ८०६ मध्ये चीनहून परतला, तो सिद्धम् लिपीतले संस्कृत ग्रंथ घेऊन. पुढे सिद्धम् शिकणाऱ्या भिक्खूंनी आपल्या वर्णमालेच्या धर्तीवर जपानी अक्षरं लावली. 'हा'चा प्राचीन उच्चार 'पा' होता, म्हणून तो 'मा'च्या आधी, आपल्या प-वर्गाच्या जागी बसलाय.

पण पुढे कांजी येते. कपड्यांना करतात ती नव्हे, चिनी अक्षरं! आणि इथे परीक्षेचा इतिहास बघावा लागतो. जपानी भाषा प्रावीण्य परीक्षा १९८४ मध्ये १५ देशांत सुरू झाली, तेव्हा सुमारे ७,००० जण बसले. पातळ्या चार, चौथी सगळ्यात सोपी. तिसरीला सुमारे ३०० कांजी आणि १,५०० शब्द. दुसरीला १,००० कांजी आणि ६,००० शब्द! अभ्यासाचे तास मात्र ३०० वरून ६००, म्हणजे फक्त दुप्पट धरलेले. शब्द चौपट, तास दुप्पट. हिशेब जुळतो का?

शेवटी २०१० मध्ये पातळ्या पाच झाल्या. जुन्या तिसरी-दुसरीच्या मध्ये 'एन-३' ही नवी पायरी आली.

तेव्हा 'एन-४' झाल्यावर आपण पुढेच सरकत नाही असं वाटलं, तर आपली बुद्धी कमी पडते असं समजू नका. ती दरी खरीच आहे. परीक्षा घेणाऱ्यांना तिथे पायरी बांधायला २६ वर्षं लागली. तुम्ही स्वतःला निदान एक-दोन वर्षं तरी द्या. आणि या परीक्षेत बोलणं तपासतच नाहीत, ते आपलं आपण चालू ठेवायचं.