बंदी होती, तरी विमानं पोचत होती

आजचा प्रश्न सरळ आहे. एखादं सरकार आपल्याच लोकांवर गोळ्या झाडत असेल, तर त्याला शस्त्रं विकायची का? यावर एक ठरलेलं उत्तर असतं: “आपण नाही विकली तर दुसरा कुणीतरी विकेलच.” हे कितपत खरं आहे ते बघायला आज दक्षिण आफ्रिकेत जाऊ या.

२१ मार्च १९६०. जोहान्सबर्गच्या दक्षिणेला शार्पव्हिल नावाची वस्ती. तिथे काळ्या लोकांना सतत ‘पास’ जवळ बाळगावा लागायचा; पास नसेल तर अटक. त्याविरुद्ध लोक पोलीस ठाण्यासमोर जमले आणि पोलिसांनी गोळीबार केला. ६९ माणसं मेली. अनेकांना गोळ्या पाठीत लागल्या होत्या, म्हणजे ती पळत होती.

ऑगस्ट १९६३ मध्ये संयुक्त राष्ट्रांच्या सुरक्षा परिषदेने सगळ्या देशांना आवाहन केलं, की दक्षिण आफ्रिकेला शस्त्रं विकू नका. पण ही बंदी ऐच्छिक होती. मेख इथेच आहे.

ब्रिटनने १९६४ मध्ये नवी विक्री थांबवली, पण आधी ठरलेली १६ बुकेनियर लढाऊ विमानं दिलीच. फ्रान्सची युक्ती तर आणखी भारी! म्हणे, लोकांना दडपायला वापरतील अशी शस्त्रं आम्ही देणार नाही, देशाच्या संरक्षणासाठी लागणारी देऊ. मग मिराज विमानं गेली, अल्युएट हेलिकॉप्टरं गेली, पाणबुड्याही गेल्या. आता हेलिकॉप्टरला कोण सांगणार, की बाबा रे, तू फक्त सरहद्दीवरच उड?

जून १९७६ मध्ये सोवेटोत शाळकरी मुलांच्या मोर्चावर गोळीबार झाला. सप्टेंबर १९७७ मध्ये तरुण नेता स्टीव्ह बिको पोलीस कोठडीतल्या मारहाणीनंतर मेला. तेव्हा कुठे, ४ नोव्हेंबर १९७७ ला, सुरक्षा परिषदेने बंदी सक्तीची केली. मधे १४ वर्षं गेली होती.

मग सगळं थांबलं का? नाही. फ्रान्समध्ये दक्षिण आफ्रिकेसाठी बांधलेल्या दोन पाणबुड्या अडल्या, पण त्या गेल्या पाकिस्तानच्या नौदलात! चोरटा व्यापार चालूच राहिला. ‘आर्मस्कोर’ या सरकारी कंपनीने देशातच शस्त्रं बनवली. त्यांची जी-५ तोफ इतकी जमली, की ती इराकला विकली गेली.

म्हणजे बंदी फसली? थांबा, तोफ घरी बनवता येते, पण आधुनिक लढाऊ विमान तसं बनवता येत नाही. १९८७-८८ मध्ये अंगोलातल्या क्विटो क्वानावालेच्या लढाईत क्युबाच्या वैमानिकांची मिग-२३ विमानं समोर आली. इकडे जुनी मिराज होती आणि एक पडलं तर त्याच्या जागी दुसरं मिळणार नव्हतं. आकाशातली पकड सुटली. डिसेंबर १९८८ मध्ये करार झाला आणि नामिबिया मोकळा झाला. तारीख होती २१ मार्च १९९०, शार्पव्हिलला बरोबर ३० वर्षं!

हे एकट्या बंदीचं श्रेय नाही. क्युबाचं सैन्य होतं, आर्थिक निर्बंध होते आणि सगळ्यात मोठा होता तो तिथल्या लोकांचा लढा. पण एवढं नक्की, की “दुसरा विकेलच” हे वाक्य खरं ठरतं ते बंदी ऐच्छिक असेपर्यंत. दारं एकदम बंद केली की फटी राहतात, पण रस्ता उरत नाही.

आणि आपण? भारताने १९४६ मध्येच, स्वातंत्र्याच्याही आधी, दक्षिण आफ्रिकेशी व्यापार तोडला होता. २०१३ मध्ये मात्र शस्त्र व्यापार कराराच्या मतदानात भारत तटस्थ राहिला. करार निर्यातदार देशांच्या बाजूने झुकलाय, असं आपलं म्हणणं होतं. आज आपणही निर्यातदार आहोत. ब्रह्मोस फिलिपिन्सला गेलंय. उद्या एखादं शार्पव्हिल घडवणारं सरकार ऑर्डर घेऊन दारात आलं, तर आपण काय म्हणायचं?

विचार करा, कळवा. भेटू पुढच्या भागात!