अस्सल जावा कोणती?

दिवाळीच्या सुट्टीत भाचा सांगलीहून साताऱ्याला आला तो नव्या जावावर. गाडी दारात लावली, सलाम केला, पाणी प्यायला आणि लगेच म्हणाला, "मामू, नानांचा तो जावावरचा फोटो द्या. मला माझी गाडी हुबेहूब तशी करून घ्यायची आहे."

तो फोटो आमच्या घरात सगळ्यांना माहीत आहे. 1986 सालची ईद, राजवाड्यासमोरची जागा, पांढरा कुर्ता घातलेले अब्बा आणि खाली मरून रंगाची जावा. ती गाडी आता नाही. कारखाना बंद पडल्यावर काही वर्षांनी सुटे भाग मिळेनासे झाले आणि ती किलोच्या भावाने भंगारात गेली. भाच्याने ती पाहिलेलीच नाही. त्याला फोटो पुरेसा होता.

त्याची यादी तयार होती. टाकीवर सोनेरी रेघा, बाजूला जुन्या घाटाची टूलबॉक्स, टाकीला गुडघ्याशी रबरी पॅड, मागचे इंडिकेटर काढायचे आणि सायलेन्सर बदलून जुना आवाज आणायचा. मी त्याच्याबरोबर मिरजेला एका म्हाताऱ्या मिस्त्रींकडे गेलो. अब्बांची गाडी शेवटची काही वर्षं तेच सांभाळत होते. त्यांनी फोटो उजेडात धरला, चष्मा वर-खाली केला आणि हसले. म्हणाले, "बेटा, ये तो अस्सल हैच नहीं."

मग बोट ठेवून एकेक दाखवू लागले. हेडलाइट येझदी रोडकिंगचा. सीट इथल्याच कुशनवाल्याने शिवलेली. उजवा सायलेन्सर वेगळा, डावा वेगळा. इंडिकेटर मागाहून लावलेले. टाकीवरच्या रेघा दुकानाच्या पाट्या रंगवणाऱ्या पेंटरने ब्रशने ओढलेल्या. ज्या फोटोची नक्कल करायला आम्ही आलो होतो, ती गाडीच दहा ठिकाणची निघाली.

परतताना माझ्या डोक्यात एकच प्रश्न होता. मग अस्सल जावा कोणती?

म्हैसूरची म्हणावी, तर तिचा इतिहास असा. मुंबईच्या इराणी कुटुंबातले रुस्तम आणि फारुख इराणी यांनी 1960 साली म्हैसूरला आयडियल जावा ही कंपनी काढली आणि 1961 पासून तिथे 250 सीसीच्या जावा बनू लागल्या. सिलिंडर एक, पण धुराच्या नळ्या दोन. किकचा दांडा आतल्या बाजूला वळवला की तोच गिअरचा दांडा व्हायचा. टू-स्ट्रोक इंजिन असल्यामुळे पेट्रोलमध्ये ऑइल मिसळून भरावं लागे. 1973 नंतर गाडीवरचं नाव येझदी झालं. हे नाव इराणमधल्या यझ्द शहरावरून आलेलं, पारशी-इराण्यांच्या पूर्वजांच्या मुलखातलं. पुढे ऐंशीच्या दशकात कमी पेट्रोलवर जास्त धावणाऱ्या जपानी तंत्राच्या 100 सीसी गाड्या आल्या, धुराचे नियम कडक झाले, कारखान्यात कामगारांचे तंटे वाढले आणि 1996 साली उत्पादन थांबलं.

पण म्हैसूरची जावाही परवान्यावर बनलेली. मूळ कंपनी चेकोस्लोव्हाकियातली. तिथल्या फ्रांतिशेक यानेचेक यांनी 1929 साली जर्मनीच्या वांडरर कंपनीकडून मोटारसायकलचं डिझाइन आणि परवाना घेतला आणि दोन्ही नावांची सुरुवातीची अक्षरं जोडून नाव केलं 'यावा'. आपण इंग्रजी स्पेलिंग वाचून तिची जावा केली. म्हणजे मुळाशी जावं, तर तिथेही दुसऱ्याची गाडी उभी!

बुलेटचं काही वेगळं नाही. मद्रास मोटर्सने 1955 साली इंग्लंडच्या रॉयल एनफिल्डशी करार केला. सुरुवातीला तिकडून आलेले भाग इथे जोडले जात. 1970 पर्यंत इंग्लंडमधलं उत्पादन संपलं, इथलं चालू राहिलं. 1977 पासून तर मद्रासची बुलेट इंग्लंडला निर्यात होऊ लागली. मूळ मेलं आणि नक्कल मूळ झाली. साताऱ्याच्या माणसाला हे समजायला लांब जायची गरज नाही. इटलीच्या पियाजिओकडून बजाजने स्कूटरचं तंत्र घेतलं आणि बजाजच्या साथीने 1975 साली स्थापन झालेल्या महाराष्ट्र स्कूटर्सने आपल्या साताऱ्यात 'प्रिया' बनवली. इटलीत जन्मलेली ती स्कूटर आपण साताऱ्याची म्हणूनच मिरवली, आणि त्यात काही चूकही नव्हतं.

नवी जावा 15 नोव्हेंबर 2018 रोजी आली. क्लासिक लेजेंड्स नावाच्या, महिंद्रांचा मोठा वाटा असलेल्या कंपनीने ती आणली आणि तिच्या संस्थापकांत रुस्तम इराणींचे चिरंजीव बोमन इराणी आहेत. इंजिन 293 सीसीचं, फोर-स्ट्रोक, पाण्यावर थंड होणारं. तरी दोन्ही बाजूंना एकेक सायलेन्सर मुद्दाम ठेवलेला, टाकीला क्रोम आणि सोनेरी रेघ. कंपनीने जुन्याचा चेहरा स्वतःच घडवून दिला आहे. उरलेला चेहरा लोक गॅरेजमध्ये घडवतात. फक्त जुना आवाज कोणालाच घडवता येत नाही, कारण तो टू-स्ट्रोकचा आवाज आहे, सायलेन्सरचा नाही. सायलेन्सर बदलून मिळतो तो नुसता गोंगाट, आणि वर पोलिसांचा दंड.

कायद्याचीही एक बाजू आहे, ती आपल्या पोरांना माहीत असावी. मोटार वाहन कायद्याच्या कलम 52 बद्दल सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी 2019 मध्ये सांगितलं की कंपनीने दिलेल्या मूळ तपशिलाशी विसंगत ठरेल असा बदल गाडीत करता येत नाही. रंग बदलला तर आरसीवर नोंद करून घ्यावी लागते. भाच्याच्या मनात आधी फौजी हिरवा रंगही होता. मिलिटरी अपशिंग्यासारखं गाव ज्या जिल्ह्यात आहे, तिथे त्या रंगाची ओढ असणारच. पण ऑलिव्ह ग्रीन हा रंग केंद्रीय मोटार वाहन नियम 121 नुसार संरक्षण दलाच्या गाड्यांसाठीच राखीव आहे. रॉयल एनफिल्डने 2018 साली दुसऱ्या महायुद्धातल्या गाडीच्या आठवणीत पेगासस काढली, तेव्हा भारतात ती फक्त तपकिरी रंगात विकली, ती याच कारणाने.

2021 च्या नियमांनुसार पन्नास वर्षांहून जुन्या गाडीला 'व्हिंटेज' म्हणून वेगळा नंबर मिळतो. अट अशी की ती मूळ स्वरूपात हवी, मोठा बदल झालेला नको. कायद्याला मोजमाप लागतं, त्याला नाव ठेवत नाही. पण अब्बांची जावा आज असती, तर या परीक्षेत ती नापास झाली असती. ती रोज चालत होती म्हणूनच बदलत गेली. जो भाग मिळाला नाही तो लेथवर करून घेतला, जो तुटला तो दुसऱ्या गाडीचा बसवला. न बदलता राहिली असती, तर ती दहा वर्षं आधीच भंगारात गेली असती.

त्या मिस्त्रींच्या एका वाक्यात हाच इतिहास आहे. 'हैच' मधला 'च' मराठीचा. दखनीने तो उचलला आणि उर्दूच्या क्रियापदाला असा बसवला की सांधा दिसत नाही. उलट 'अस्सल', 'नक्कल', 'वारसा' हे शब्द अरबीतून आणि 'दुरुस्ती' फारसीतून मराठीत आले. 'मिस्त्री' पोर्तुगीजांकडून आला. मी वर्गात दोन्ही भाषा शिकवतो आणि दर वर्षी कोणीतरी विचारतं, सर, शुद्ध शब्द कोणता? माझं उत्तर असतं, जो आपल्या तोंडी रुळला तो आपला.

हीच मिरज सतार-तंबोऱ्यांसाठी जगभर ओळखली जाते. ते काम सुरू करणारे फरीदसाहेब मूळचे शिकलगार, म्हणजे हत्यारं घडवणाऱ्या आणि त्यांना धार लावणाऱ्या घराण्यातले. एकोणिसाव्या शतकात तलवारीचा काळ संपला, तेव्हा त्यांचे हात भोपळ्याकडे आणि तारेकडे वळले. 2024 साली मिरजेच्या सतारीला आणि तंबोऱ्याला भौगोलिक मानांकन मिळालं. त्यांच्या वंशजांनी 'सतारमेकर' हे आडनावच लावलं, म्हणून त्यांचं नाव राहिलं. मोटारसायकल जिवंत ठेवणाऱ्या हातांचं असं काही राहिलेलं नाही. जावाचा इतिहास लिहिताना प्राग येतं, म्हैसूर येतं, कंपनीचे मालक येतात. सांगली-मिरजेच्या टिनपत्र्याखाली बसून तीस वर्षं त्या गाड्या चालत्या ठेवणारे मिस्त्री, वेल्डर, कुशनवाले, पेंटर कुठेच येत नाहीत. त्यांत आपल्या समाजाची माणसं किती होती, हे आपल्याला घरोघरी माहीत आहे आणि कागदावर कुठेच नाही.

भाच्याने शेवटी सायलेन्सर आणि इंडिकेटर तसेच ठेवले. टूलबॉक्स लावली, रबरी पॅड लावले. रेघांसाठी स्टिकर मिळत होता, तो घेतला नाही. मिस्त्रींच्या ओळखीच्या एका पेंटरने दुपारभर बसून ब्रशने रेघा ओढल्या. डावीकडची रेघ टोकाला किंचित जाड झाली आहे. मी त्याच्याकडून एक काम करून घेतलं. त्या मिस्त्रींचं आणि पेंटरचं नाव, गाव, त्यांनी काम कोणाकडून शिकलं, हे सगळं वहीत लिहून घ्यायला लावलं आणि वहीत तो फोटो चिकटवला.

तुमच्याही घरी असा एखादा फोटो असेल. त्यातल्या गाडीवर कोणाकोणाचे हात फिरले होते, हे सांगणारी माणसं आहेत तोवर त्यांना विचारून घ्या.