मेम्फिस : सुट्टीचे गाव, इतिहासाचे गाव

अमेरिकेच्या दक्षिण भागात सुट्टी घालविण्यास निघालेल्या प्रवाशाला मेम्फिसची शिफारस बहुधा दोन गोष्टींसाठी केली जाते. एक संगीत आणि दुसरी बार्बेक्यू. ही शिफारस खोटी नाही. सायंकाळी बील स्ट्रीटवरून फिरताना दारादारांतून गिटारचे स्वर ऐकू येतात, आणि हिकरीच्या लाकडाच्या मंद धगीवर भाजल्या जाणाऱ्या मांसाचा वास वाऱ्यावर पसरलेला असतो. परंतु हे सूर आणि ही चव याच गावी का उपजली, हे ज्याला जाणून घ्यावयाचे आहे, त्याने प्रथम नदीकाठी जावे.

मिसिसिपी नदीच्या उंच कड्यावर १८१९ मध्ये हे नगर वसविण्यात आले. संस्थापकांत पुढे राष्ट्राध्यक्ष झालेले अँड्र्यू जॅक्सन हेही होते. मिसिसिपी ही अमेरिकेची नाईल, म्हणून नाईलकाठच्या प्राचीन राजधानीचे नाव नव्या वसाहतीस मिळाले. गावाचे भाग्य मात्र कापसाने उघडले. आसमंतातील काळ्या, सुपीक जमिनीत पिकणारा कापूस येथे येई, येथील दलाल त्याचा भाव ठरवीत आणि आगबोटी तो दूरदेशी नेत. तो कापूस वेचणारे हात गुलामांचे होते, आणि त्या हातांचाही बाजार याच गावात भरत असे.

आपल्याकडील श्रोत्यांस ही कथा सर्वस्वी परकी वाटू नये. १८६१ ते १८६५ या यादवी युद्धात अमेरिकन कापूस इंग्लंडला मिळेनासा झाला, तेव्हा वऱ्हाड-खानदेशच्या कापसाला सोन्याचे मोल आले आणि मुंबईत पैशाचा पूर लोटला. युद्ध संपताच तो ओसरला आणि अनेक पेढ्या बुडाल्या. त्या युद्धाने गुलामगिरी मोडली. महात्मा फुले यांनी १८७३ मधील आपला ‘गुलामगिरी’ हा ग्रंथ अमेरिकेतील ज्या सज्जनांना अर्पण केला, ते हीच दास्यमुक्ती घडविणारे लोक होत. मात्र कायद्याने दिलेली मुक्ती माणसांच्या मनाने लगेच मान्य केली नाही. मे १८६६ मध्ये मेम्फिसमध्ये तीन दिवस दंगल झाली, तीत ४६ कृष्णवर्णीय माणसे मारली गेली आणि त्यांची घरे, शाळा व चर्चे जाळण्यात आली.

पुढे १८७८ साल उजाडले ते पीतज्वर घेऊन. ज्यांना शक्य होते ते हजारोंच्या संख्येने गाव सोडून पळाले. मागे उरले ते बहुतांशी गरीब. पाच हजारांहून अधिक माणसे मरण पावली. पहारा व शुश्रूषा यांचा मोठा भार कृष्णवर्णीयांनी उचलला. आधीच कर्जात बुडालेल्या नगरपालिकेची सनद १८७९ मध्ये रद्द झाली आणि ती पूर्ववत मिळण्यास १८९३ साल उजाडावे लागले. गावाची पत सावरण्यासाठी काढलेले कर्जरोखे घेण्यात रॉबर्ट चर्च हा गृहस्थ अग्रभागी होता. तो जन्माने गुलाम होता.

या संकटातून गावाने एक धडा घेतला. १८८० मध्ये जॉर्ज वॉरिंग या अभियंत्याच्या योजनेप्रमाणे, पावसाचे पाणी वगळून केवळ मैला वाहून नेणारी स्वतंत्र गटारे बांधण्यात आली. पीतज्वराचे वाहन डास आहे हे १९०० मध्ये क्यूबात सिद्ध व्हावयाचे होते. तरीही स्वच्छता हा नगराचा प्राण आहे, एवढे मेम्फिसला पुरते उमगले होते.

आता संगीताकडे वळू. शेतावरच्या गाण्यांतून आणि चर्चमधील भजनांतून आलेला ‘ब्लूज’ हा प्रकार बील स्ट्रीटवर स्थिरावला. १९०९ च्या निवडणुकीत एका उमेदवाराच्या प्रचारासाठी डब्ल्यू. सी. हँडी याने बांधलेली चाल १९१२ मध्ये ‘मेम्फिस ब्लूज’ या नावाने प्रसिद्ध झाली. नभोवाणीचा वाटाही येथे मोठा आहे. डब्ल्यूडीआयए या केंद्राने १९४८ मध्ये इतिहासाचे एक शिक्षक नॅट विल्यम्स यांना ध्वनिक्षेपकापुढे बसविले, आणि लवकरच ते केंद्र सर्वस्वी कृष्णवर्णीय श्रोत्यांसाठी वाहिलेले अमेरिकेतील पहिले केंद्र ठरले. बी. बी. किंग याच केंद्रावरून लोकांच्या घरी पोहोचला. सॅम फिलिप्स याने १९५० मध्ये युनियन अव्हेन्यूवर लहानसे ध्वनिमुद्रणगृह उघडले. तेथे जुलै १९५४ मध्ये एल्व्हिस प्रेस्ली या तरुणाने आर्थर क्रूडप या कृष्णवर्णीय गायकाचे गीत आपल्या ढंगाने गायिले आणि युगांतर घडले. १९६० पासून एका जुन्या चित्रपटगृहात ‘स्टॅक्स’ कंपनीचे काम चालू झाले. बाहेर वर्णभेदाच्या भिंती उभ्या असताना आत गोरे व काळे वादक एकत्र बसून ठेका धरीत.

बार्बेक्यूची कुळकथाही अशीच आहे. डुकराच्या खांद्याचे निबर मांस व बरगड्या हे काही श्रीमंतांच्या ताटातले भाग नव्हेत. मंद आच, धूर आणि पुष्कळ तास एवढ्या भांडवलावर गरिबांनी त्यांचे पक्वान्न केले. मेम्फिसमध्ये पातळ चटणीऐवजी कोरडा मसाला चोळलेल्या बरगड्या आवडीने खातात, आणि १९७८ पासून तेथे दरवर्षी मे महिन्यात भाजण्याच्या स्पर्धा भरत आल्या आहेत.

स्वच्छतेचे महत्त्व जाणणाऱ्या या नगराने स्वच्छता राखणाऱ्या माणसांना कसे वागविले, ते आता पाहू. १ फेब्रुवारी १९६८ रोजी पावसापासून आडोसा म्हणून कचऱ्याच्या गाडीत शिरलेले एकोल कोल आणि रॉबर्ट वॉकर हे सफाई कामगार तिच्या यंत्रात चिरडून मेले. त्यानंतर सुमारे १,३०० कामगारांनी संप पुकारला. गळ्यातील फलकांवर त्यांनी एवढेच लिहिले होते की, मी माणूस आहे. त्यांच्या पाठीशी उभे राहण्यासाठी डॉ. मार्टिन ल्यूथर किंग आले. ९ मार्च १९५९ रोजी, गांधीजींच्या देशाची यात्रा संपविताना, ज्यांनी आपल्या आकाशवाणीवरून निरोपाचे भाषण केले होते, तेच हे किंग. ४ एप्रिल १९६८ रोजी लॉरेन मोटेलच्या सज्जात त्यांची हत्या झाली. हे मोटेल स्टॅक्सच्या कलावंतांचे नेहमीचे बसण्याचे ठिकाण होते. १६ एप्रिलला नगरपालिकेने कामगारांच्या संघटनेस मान्यता दिली.

यानंतरचा इतिहास जतनाचा म्हणावा की पाडकामाचा, असा प्रश्न पडतो. बील स्ट्रीटला १९६६ मध्ये राष्ट्रीय ऐतिहासिक स्थळाचा मान मिळाला, आणि पाठोपाठ नगर-नवीकरणाच्या नावाखाली तिच्या भोवतीची वस्ती जमीनदोस्त करण्यात आली. १९८३ मध्ये ती करमणुकीची पेठ म्हणून पुन्हा उघडली. दिवाळे निघालेल्या स्टॅक्सची इमारत १९८९ मध्ये पाडली, आणि २००३ मध्ये त्याच जागी तिची प्रतिकृती उभारून संग्रहालय केले. लॉरेन मोटेलचे १९९१ मध्ये नागरी हक्क संग्रहालय झाले. त्यासाठी बाहेर काढलेल्या एका रहिवासी स्त्रीने समोरच्या पदपथावर अनेक दशके निषेध केला. या पैशातून गरिबांना घरे द्यावीत, किंगना तेच आवडले असते, असे तिचे म्हणणे. संग्रहालय आवश्यक होते हे मान्य करूनही त्या म्हणण्यास उत्तर देणे सोपे नाही. ज्या क्लेबॉर्न टेंपल चर्चमधून संपकऱ्यांचे मोर्चे निघत, ते एप्रिल २०२५ मध्ये आगीत भस्मसात झाले.

म्हणून मेम्फिसला जाणाऱ्या प्रवाशाने गाणे जरूर ऐकावे आणि बरगड्यांचा आस्वादही घ्यावा. सुट्टीचा आनंद घेण्यात संकोच वाटण्याचे कारण नाही. हे गाणे आणि हे अन्न निर्माण करणाऱ्यांनीही दुःखातून आनंदच शोधला होता. मात्र एक सकाळ राखून ठेवावी, नदीच्या कड्यापासून लॉरेन मोटेलपर्यंत पायी जावे आणि त्या सज्जासमोर थोडा वेळ उभे राहावे. सायंकाळी बील स्ट्रीटवर तेच सूर पुन्हा कानी येतील, तेव्हा ते कोणाचे आहेत हे निराळे सांगावे लागणार नाही.