चाचा कुणाला म्हणायचं? सुरेंद्रनाथ सेन आणि आंग्र्यांचं आरमार

मित्रहो, गेवराईत आरमारावर व्याख्यान म्हटल्यावर काही जण मनात हसले असतील. आपल्याकडे पाणी म्हणजे गोदावरी; समुद्र गाठायचा तर सह्याद्री उतरावा लागतो. पण आपल्याच तालुक्यात, राक्षसभुवनला, १० ऑगस्ट १७६३ रोजी माधवराव पेशव्यांनी निजामाचा पराभव केला, हे आपण अभिमानानं सांगतो. त्याच्या सातच वर्षं आधी विजयदुर्गच्या बंदरात आंग्र्यांचं आरमार जळालं, ते मात्र सहसा सांगत नाही. का सांगत नाही, ते शेवटी पाहू. आधी एका बंगाली अभ्यासकाकडे जाऊ.

सुरेंद्रनाथ सेन यांचा जन्म १८९० चा. त्यांचं नाव अनेकांना १८५७ च्या उठावावरच्या ग्रंथामुळे माहीत असतं. पण कलकत्ता विद्यापीठातल्या या माणसाच्या अभ्यासाचा मोठा भाग मराठ्यांवर होता. त्यांनी सभासद बखर इंग्रजीत आणली, ती १९२० मध्ये. १९२३ मध्ये मराठ्यांच्या राज्यकारभारावर ग्रंथ लिहिला. गोव्यातली पोर्तुगीज दप्तरं पाहून १९२५ मध्ये त्यांवर अहवाल दिला. १९२८ च्या लष्करी व्यवस्थेवरच्या ग्रंथात आरमार आलं आणि १९४१ मध्ये कान्होजी आंग्र्यांच्या सुरुवातीच्या काळावरचे लेख पुस्तकरूपानं आले. पुढं ते दिल्लीच्या राष्ट्रीय अभिलेखागाराचे संचालकही झाले.

आता मुद्दा बघा. कंपनीच्या कागदांत कान्होजी म्हणजे चाचा. एक इंग्रज लिहितो, दुसरा उतरवून घेतो, असं करत ते इतिहासात पक्कं झालं. सेनांनी त्या शब्दाचा निवाडा मुकाट्यानं मान्य केला नाही, तो तपासायला घेतला. चाचा ही नुसती शिवी नव्हे, बरं का. तो कायद्याचा शब्द आहे. युरोपच्या जुन्या कायद्यात चाचा म्हणजे साऱ्या मानवजातीचा शत्रू. कुणीही पकडावा, फाशी द्यावा. एकदा तो शिक्का बसला की त्या माणसाचं राज्य, त्याचा धनी, त्याचा हक्क, सगळं एका शब्दात खोडलं जातं.

भांडण होतं परवान्याचं. सोळाव्या शतकापासून पोर्तुगीज 'कार्ताझ' विकत. तो नसेल तर गलबत जप्त. मोगलांच्या जहाजांनाही तो घ्यावा लागे. इंग्रजही आपले परवाने देत. कान्होजींनी तेच केलं, त्यांच्या परवान्याला म्हणत दस्तक. हा माणूस कुणी भटका नव्हता. १७१३ मध्ये बाळाजी विश्वनाथांनी त्यांना शाहू महाराजांच्या बाजूला आणलं आणि सरखेलपद व किल्ले त्यांच्याकडे राहिले. त्याच सुमारास इंग्रजांनीही त्यांच्याशी तह केला. चाच्याशी कुणी तह करतं का?

तह मोडला तो एका प्रश्नावर. इंग्रज परवान्याखाली दुसऱ्या व्यापाऱ्यांचा माल जात असेल, तर तो इंग्रजांचा मानायचा का? कंपनी म्हणे, हो. कान्होजी म्हणत, नाही. हा वाद जकातीचा आणि हक्काचा होता. १७२१ मध्ये इंग्रज आणि पोर्तुगीज मिळून कुलाब्यावर चालून आले आणि हात हलवत परतले.

सेनांचा निष्कर्ष असा की कान्होजी चाचे नव्हते; पोर्तुगीज आणि इंग्रज समुद्रावर जो हक्क सांगत, तोच ते आपल्या किनाऱ्यावर सांगत होते. युरोपातही यावर एकमत नव्हतं. हॉलंडच्या ग्रोशियसनं १६०९ मध्ये समुद्र सर्वांना मोकळा असं मांडलं, तर १६३५ मध्ये इंग्लंडच्याच सेल्डननं समुद्रावर राजाची मालकी असू शकते, असा ग्रंथ लिहिला. म्हणजे इंग्लंडच्या राजाला चालतं, ते अलिबागला चालत नाही!

पण दुसरी बाजूही सांगितली पाहिजे. आंग्र्यांनी पकडलेल्या गलबतांत आपल्याकडच्या व्यापाऱ्यांचाही माल असे. ज्याचा माल गेला, त्याला कागद दस्तकाचा की कार्ताझचा, यानं काय दिलासा मिळणार? आणि कान्होजींना जे लागू, ते तुळाजी आंग्र्यांना तसंच लागू होतं का? तुळाजी पेशव्यांना जुमानत नव्हते. ज्याला धनी आपला म्हणत नाही, त्याच्या दस्तकामागं कुणाचं राज्य उभं राहणार?

इथंच ती आग येते. १७५५ मध्ये नानासाहेब पेशव्यांनी तुळाजींविरुद्ध इंग्रजांशी करार केला. फेब्रुवारी १७५६ मध्ये वॉटसनचं आरमार विजयदुर्गात शिरलं, क्लाइव्ह बरोबर होता, जमिनीवर पेशव्यांची फौज होती. आंग्र्यांची जहाजं बंदरातच जळाली. तुळाजी पेशव्यांच्या कैदेत गेले आणि कैदेतच वारले. घरचं भांडण मिटवायला परका बोलावला आणि जो शिक्का इंग्रज चाळीस वर्षं मारत होते, त्यावर पुण्यानं जणू सही केली. म्हणून आपण ही गोष्ट टाळतो, असं आम्हाला वाटतं.

१९८२ च्या समुद्रविषयक आंतरराष्ट्रीय करारात चाचेगिरीच्या व्याख्येत 'खासगी हेतूसाठी' हे शब्द आहेत. ही व्याख्या जशीच्या तशी अठराव्या शतकाला लावता येणार नाही. पण हेतू खासगी की राज्याचा, हा प्रश्न तोच आहे, आणि सेनांनी तो दप्तरं उघडून विचारला. पुढच्या वेळी राक्षसभुवनला गेलात, तर जिंकलेल्या लढाईबरोबर विजयदुर्गही आठवा. आता तुमचे प्रश्न घेऊ.