बंद पेटी, उघडी पेटी: गेमिंग संगणकांच्या एका जुन्या वादाचा इतिहास

आजचा धागा एका अगदी व्यवहारी प्रश्नावर आहे. मदरबोर्डवरच सोल्डर केलेली रॅम, न बदलता येणारे ग्राफिक्स आणि पुढे काहीही वाढवण्याची सोय नाही, असा गेमिंग संगणक विकत घ्यावा काय? लहान आकाराचे, देखणे असे संगणक हल्ली बरेच निघाले आहेत, त्यामुळे हा वादही नवा आहे अशी समजूत दिसते. वस्तुतः तो घरगुती संगणकाइतकाच जुना आहे, आणि त्याचे पहिले वादी-प्रतिवादी एकाच कंपनीत शेजारी बसत होते.

१९७७ साली ॲपल-२ तयार होत असताना स्टीव्ह वॉझ्नियाक यांना त्यात आठ स्लॉट हवे होते. स्टीव्ह जॉब्झ यांच्या मते दोन पुरेसे होते: एक प्रिंटरसाठी, एक मोडेमसाठी. वॉझ्नियाक अडून बसले आणि आठ स्लॉट राहिले. ॲपल-२ चे कुटुंब पुढे १९९३ पर्यंत विकले गेले. जॉब्झ यांनी आपले म्हणणे १९८४ च्या मॅकिंटॉशमध्ये खरे करून घेतले. त्यात एकही स्लॉट नव्हता, १२८ किलोबाइट स्मृती कायमची होती आणि पेटीचे स्क्रूसुद्धा घरातल्या साध्या स्क्रूड्रायव्हरने निघत नसत. गंमत अशी, की त्याचा बोर्ड आखणाऱ्या बरेल स्मिथ यांनी मोठ्या चिप्स बसू शकतील अशी एक वाट त्यात गुपचूप ठेवून दिली होती. त्याच वर्षीच्या सप्टेंबरात ५१२ किलोबाइटचा मॅक बाजारात आला तो या चोरवाटेने.

मॅक काही खेळांसाठी जन्मलेला नव्हता. खेळांच्या बाजूने पाहिले तर बंद पेटीचा पहिला मोठा विजय कमोडोर ६४ चा. ऑगस्ट १९८२ मध्ये तो ५९५ डॉलरला आला. चिप्स बनवणारी एमओएस टेक्नॉलॉजी ही कंपनी कमोडोरच्याच मालकीची असल्याने किंमत पाडण्याची ताकद तिच्याइतकी कोणाकडे नव्हती, आणि वर्षभरात तो दोनशे डॉलरच्या आसपास मिळू लागला. त्याला कार्ट्रिज लावता येई, डिस्क ड्राइव्ह जोडता येई. परंतु प्रोसेसर, चित्र आणि आवाज हे तिन्ही जन्मतः जसे होते तसेच राहणार होते. तरी तो १९९४ पर्यंत तयार होत राहिला. विक्रीचे अंदाज सव्वा कोटीपासून एक कोटी सत्तर लाखांपर्यंत जातात.

जे वाढत नाही ते बारा वर्षे कसे टिकले? वाढत नव्हते म्हणूनच, असे माझे उत्तर आहे. जगातल्या प्रत्येक कमोडोर ६४ मध्ये तीच चिप, तोच वेग, तीच स्मृती. खेळ लिहिणाऱ्याला एकच यंत्र शिकायचे होते, आणि ते तो हाडामासासकट शिकत असे. जॉन आणि स्टीव्ह रोलँड्स या बंधूंचा ‘मेहेम इन मॉन्स्टरलँड’ हा खेळ १९९३ चा. चित्राच्या चिपचे माहितीपुस्तकात कुठेही न लिहिलेले वर्तन वापरून त्यांनी त्या जुन्या यंत्रावर असा वेगवान सरकता पडदा दाखवला, की यंत्र १९८२ चे आहे हे सांगूनही पटू नये. प्रत्येक घरात वेगळे यंत्र असते, तर असल्या युक्तीवर महिने घालवणे कोणाला परवडले असते?

भारतातही याच पिढीचे एक बंद यंत्र पोहोचले. क्लाइव्ह सिंक्लेअर यांच्या स्पेक्ट्रमची ‘स्पेक्ट्रम+’ ही आवृत्ती १९८६ साली डेसिबेल्स इलेक्ट्रॉनिक्सने परवाना घेऊन येथे आणली. ४८ किलोबाइट स्मृती, पडद्याच्या जागी घरचा टीव्ही आणि खेळ कॅसेटवर. कॅसेट लावायची, कर्कश आवाज ऐकत थांबायचे आणि मग खेळायचे, हा त्या पिढीचा विधी होता.

मात्र बंद पेटी म्हणजे दीर्घायुष्य, असा निष्कर्ष काढण्याची घाई नको. आयबीएमचा पीसीज्युनियर पाहा. १ नोव्हेंबर १९८३ रोजी त्याची घोषणा झाली. ६४ किलोबाइटच्या, डिस्क ड्राइव्ह नसलेल्या आवृत्तीची किंमत ६६९ डॉलर. ड्राइव्ह आणि १२८ किलोबाइट हवे तर १,२६९. आयबीएमच्या मूळ पीसीचे स्लॉट त्यात नव्हते. काही वाढवायचे तर यंत्राच्या कुशीला एकेक डबा जोडत न्यायचा, आगगाडीला डबे जोडतात तसा. शेजारच्या दुकानात कमोडोर ६४ याच्या एक तृतीयांश किमतीत उभा होता. ‘किंग्ज क्वेस्ट’ हा गाजलेला खेळ मुळात याच यंत्रासाठी, आयबीएमच्या पैशाने तयार झाला, पण एवढ्याने गिऱ्हाईक वळले नाही. मार्च १९८५ मध्ये उत्पादन थांबले. त्यातली चित्राची आणि आवाजाची सोय उत्तमच होती. टँडी कंपनीने ती उचलली, त्यात पीसीचे स्लॉट घातले, आणि टँडी १००० चांगला चालला. पीसीज्युनियर उघड्या यंत्राच्या किमतीत विकलेली बंद पेटी होता, आणि त्याच्यासाठी लिहिणारेही मोजकेच होते.

आता या इतिहासातले मुख्य प्रकरण: अमिगा.

अमिगाची मूळ आखणी जे माइनर यांच्या चमूची. पहिल्या अमिगा १००० च्या झाकणाच्या आतल्या बाजूला त्या चमूच्या सह्या आहेत, आणि माइनर यांच्या कुत्रीच्या पंजाचा ठसाही आहे. १९८५ मधील हे यंत्र महाग होते. १९८७ चा अमिगा ५०० मात्र ६९९ डॉलरचा, कळफलकातच सगळे सामावलेला आणि घराघरांत जाणारा निघाला, विशेषतः ब्रिटन आणि जर्मनीत. ॲग्नस, डेनिस आणि पॉला ही त्याच्या तीन खास चिप्सची नावे. चित्राचे मोठे तुकडे हलवणे, पडदा सरकवणे, चार वाहिन्यांचा आवाज ही कामे त्या स्वतः करत आणि प्रोसेसर मोकळा राहत असे. त्या काळचा पीसी यासमोर कारकुनी यंत्र वाटे. ‘शॅडो ऑफ द बीस्ट’, ‘लेमिंग्ज’, ‘अनदर वर्ल्ड’, ‘सेन्सिबल सॉकर’ ही नावे आजही आदराने घेतली जातात.

आणि इथे एक बारकावा आहे, ज्याच्यासाठी मी हा धागा लिहायला घेतला. अमिगा ५०० पूर्णपणे बंद नव्हता. त्याच्या पोटाखाली एक झडप होती. तीत आणखी अर्धा मेगाबाइट स्मृती बसे. कडेला हार्ड डिस्क जोडता येई, वेगवान प्रोसेसरची कार्डेही मिळत. स्मृतीची वाढ स्वस्त होती, लोकांनी ती केली, आणि अनेक खेळांनी एक मेगाबाइटची अट घातली. हार्ड डिस्क आणि वेगवान कार्डे मात्र थोड्यांनीच घेतली, म्हणून खेळ लिहिणाऱ्यांनी ती नाहीत असेच धरले. १९९२ मध्ये ‘मंकी आयलंड २’ अमिगावर आला तो अकरा फ्लॉपींवर! हार्ड डिस्क नसलेला बिचारा खेळाडू दर काही मिनिटांनी फ्लॉपी बदलत बसे. ज्याने पैसे मोजून वेगवान प्रोसेसर घेतला, त्याच्यासाठी खास लिहिलेले खेळ जवळजवळ नव्हतेच. यंत्र वाढवता येते की नाही, हे पाना-स्क्रूड्रायव्हर जितके ठरवतात तितकेच शेजारीपाजारीही ठरवतात.

मग १० डिसेंबर १९९३ उजाडला आणि ‘डूम’ आला.

अमिगाचे चित्र एकावर एक ठेवलेल्या पारदर्शक कागदांसारखे साठवलेले असे. प्रत्येक कागदावर रंगाच्या क्रमांकाचा एकेक अंश. बत्तीस रंगांना पाच कागद. अख्खा देखावा सरकवायला ही रचना झकास. पण डूमसारख्या खेळात पडद्यावरचा प्रत्येक ठिपका क्षणोक्षणी नव्याने मोजून रंगवावा लागतो, आणि तिथे एका ठिपक्यासाठी सगळे कागद उचकायचे म्हणजे मरण. पीसीच्या व्हीजीए पद्धतीत एका ठिपक्याला एक बाइट होता: ३२० गुणिले २००, म्हणजे ६४,००० ठिपके, सरळ लिहीत सुटायचे. पूर्वी जी रचना अमिगाचे वैभव होती तीच आता आड आली, आणि ती चिपमध्ये कोरलेली असल्याने बदलणे मालकाच्या हाती नव्हते. १९९२ च्या अमिगा १२०० मध्येही कागदांचीच पद्धत होती, फक्त आठ कागदांची. १९९३ च्या सीडी३२ मध्ये या रूपांतरासाठी अकिको नावाची चिप घातली, पण तोवर लिहिणारे निघून गेले होते. २९ एप्रिल १९९४ रोजी कमोडोरचे दिवाळे निघाले. कंपनी केवळ बंद पेटीमुळे बुडाली असे म्हणणे अन्यायाचे होईल. कारभाराचे दोष पुष्कळ होते. तथापि अमिगाच्या मालकाला डूम खेळायला मिळाला तो १९९७ च्या अखेरीस त्याचा मूळ कोड खुला झाल्यावर, आणि तोही महागडी कार्डे लावलेल्या यंत्रांवर.

उघड्या पेटीचे गोडवे गाण्यापूर्वी तिचे बिलही पाहिले पाहिजे. डूमला किमान ३८६ प्रोसेसर आणि चार मेगाबाइट रॅम लागे. नीट खेळायचे तर ४८६ हवा. आवाजासाठी साउंड ब्लास्टर वेगळा. प्रोसेसरची पिढी बदलली की बहुधा बोर्ड बदले, आणि जुन्या रॅमच्या पट्ट्या नव्या बोर्डात बसत नसत. ग्राफिक्स कार्डाचा स्लॉटही आधी पीसीआय, १९९७ पासून एजीपी, २००४ पासून पीसीआय एक्स्प्रेस. ‘एकदा घेतला की वाढवत राहू’ म्हणणाऱ्याकडे पाच वर्षांनी पुष्कळदा मूळचे कॅबिनेट तेवढे उरत असे.

तरीही उघड्या पेटीच्या बाजूने एक साक्षीदार असा आहे की त्याच्यापुढे माझे काही चालत नाही. १९९६ साली थ्रीडीएफएक्स कंपनीची व्हूडू चिप आली. चार मेगाबाइटचे ते कार्ड पीसीआय स्लॉटमध्ये बसे, जुन्या कार्डाला न हलवता. जानेवारी १९९७ मध्ये ‘क्वेक’ची त्यासाठीची आवृत्ती निघाली, आणि साध्या पेंटियमवर अचानक वेगळेच जग दिसू लागले. बाकीचे यंत्र तेच होते, बदलला होता एकच भाग. गेल्या दशकातही एएमडीच्या एएम४ सॉकेटने असेच केले. २०१७ च्या अनेक बोर्डांवर बायोस अद्ययावत केल्यावर २०२२ चा रायझन ७ ५८००एक्स३डी चालला.

महाराष्ट्रातील ‘असेंबल्ड पीसी’ची परंपरा या उघड्या घराण्यातली. आयबीएमच्या पीसीची रचना इतरांना उतरवता आली, म्हणूनच मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवर, म्हणजे डॉ. दादासाहेब भडकमकर मार्गावर, सुटे भाग घेऊन संगणक जुळवणे शक्य झाले. काढलेले कार्ड विकता येते किंवा धाकट्या भावंडाला देता येते, हा फायदा जाहिरातीत छापत नाहीत. हिशेबात मात्र तो मोठा असतो.

आता आजच्या काळाकडे. २०१५ साली व्हॉल्व्हच्या पुढाकाराने ‘स्टीम मशीन’ आले. अनेक कंपन्यांची यंत्रे, प्रत्येकाचे अवयव वेगळे, किंमत वेगळी, आणि लिनक्सवर चालणारे खेळ थोडे. कन्सोलचा सारखेपणा त्यांत नव्हता आणि विंडोज पीसीइतके खेळही नव्हते. ती विझली. त्याच व्हॉल्व्हचा २०२२ चा स्टीम डेक पाहा: १६ गीगाबाइट रॅम सोल्डर केलेली, प्रोसेसर-ग्राफिक्स एकाच चिपमध्ये, बदलता येतो तो फक्त एसएसडी. पण सुरुवातीची किंमत ३९९ डॉलर, आणि प्रत्येक डेकचे काळीज एकच. त्या फेब्रुवारीत आलेला ‘एल्डन रिंग’ महागड्या पीसींवर अडखळत होता; डेकवर व्हॉल्व्हने आपल्या बाजूने दुरुस्ती केली आणि अडखळ बरीच कमी झाली. आधीच तयार केलेले शेडर सर्वांना पाठवता येतात, ते सर्वांचे यंत्र सारखे म्हणून. कमोडोर ६४ चेच हे पुण्य.

२०२५ मध्ये फ्रेमवर्कने, म्हणजे दुरुस्तीयोग्य लॅपटॉपसाठीच नावाजलेल्या कंपनीने, सोल्डर केलेल्या रॅमचा डेस्कटॉप आणला. तिने दिलेले कारण तांत्रिक होते: त्या एएमडी चिपला लागणारा स्मृतीचा वेग काढता येणाऱ्या रॅमने साधेना. हे कारण मला खरे वाटते. मात्र जी कंपनी असे कोणतेही कारण न देता रॅम सोल्डर करते आणि दाम उघड्या पीसीचा मागते, तिच्या दुकानात मला पीसीज्युनियर दिसतो.

तेव्हा घ्यावा का? बंद गेमिंग संगणक घ्यायचा तर माझ्या दोन अटी. किंमत तेवढ्याच ताकदीच्या उघड्या पीसीहून स्पष्टपणे कमी हवी. आणि तेच यंत्र इतके विकले गेलेले असावे, की खेळ लिहिणाऱ्यांना ते आपल्या टेबलावर ठेवून तपासावेसे वाटेल. दोन्ही जुळत असतील तर मी बेलाशक घ्या म्हणेन, आयुष्य चार-पाच वर्षांचे धरून. एकच जुळत असेल तर लॅमिंग्टन रोडच बरा. मे २०२५ मध्ये ‘डूम: द डार्क एजेस’ आला, आणि रे ट्रेसिंगची सोय नसलेली ग्राफिक्स कार्डे त्याने दारातूनच परत पाठवली. उघड्या पेटीवाल्यांनी त्या आठवड्यात नव्या कार्डांच्या किमती विचारायला सुरुवात केली.